अर्नेस्टिन, घरी ये

गाणं रेडिओवर लागलं त्याच दुपारी वेंडेल टिब्सच्या घरी पहिला माणूस परत आला. तो याआधी तिथे कधी आलाच नव्हता. त्याने कोट खुंटीला अडकवला, बूट काढले आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

वेंडेल फिलाडेल्फियात गाणी लिहायचा. गाण्यांतून तो अख्ख्या अमेरिकेला 'राणी' म्हणायचा. बायकोशी मात्र कामापुरतं बोलायचा. शेवटी अर्नेस्टिन बॅग भरून क्लीव्हलंडला बहिणीकडे निघून गेली. तिच्यासाठीच त्याने लिहिलं होतं: घरी ये, दार उघडंच आहे.

संध्याकाळपर्यंत एक पोस्टमन, दोन नर्स आणि बास्केटबॉलची एक अख्खी टीम घरी परतली. घर समजूतदार होतं. माणसागणिक ते वीतभर लांबत गेलं. काही दिवसांत स्वयंपाकघर पुढच्या चौकात पोचलं आणि कॉफी बैठकीत येईतो गार होऊ लागली. अर्नेस्टिन तेवढी आली नाही.

वेंडेल गाण्याचा निर्माता ल्यूशस क्रेन याच्याकडे गेला.

"लोक घरी येताहेत," तो म्हणाला. "तुझ्या सासूबाईही आल्यात."

"कशा आहेत?"

"माझा पलंग घेतलाय."

"म्हणजे गाणं चाललंय," ल्यूशस समाधानाने म्हणाला.

"गाण्यात अर्नेस्टिनचं नाव घालू या."

"नाव घातलं की गाणं लहान होतं रे." पण ल्यूशस मित्र होता. त्याने व्हायोलिनवाल्यांना पुन्हा बोलावलं आणि प्रत्येक कडव्यानंतर 'अर्नेस्टिन' घातलं.

नवी रेकॉर्ड वाजली तशी मंडळी कोट घेऊन निघाली. सासूबाईंनी पलंग नीट आवरला. घर पूर्वीएवढं झालं. वेंडेल दाढी करून दारात उभा राहिला.

बस थांबली. एक अर्नेस्टिन उतरली. तिच्यामागून दुसरी, मग काठी टेकत एक म्हातारी अर्नेस्टिन, मग चर्चला जायच्या ठेवणीतल्या कपड्यांतली. कोपऱ्यापर्यंत रस्ता अर्नेस्टिननी भरला. मधोमध त्याची अर्नेस्टिन उभी होती, निळ्या टोपीत, प्रवासाने दमलेली.

"वेंडेल," ती म्हणाली, "गाण्यात तू काय वाट्टेल ते म्हणतोस. आता तोंडाने सांग. कोण हवंय तुला?"

व्हायोलिनशिवाय असलं काही तो कधी बोलला नव्हता.

"तू," तो म्हणाला.

सगळ्या अर्नेस्टिननी एकदम बॅगा खाली ठेवल्या आणि हातमोजे काढायला सुरुवात केली.