उरुरुनचा आकडा

"आईचा तो नकाशा मी पोस्टाने पाठवला असता, बाबा. त्यासाठी मात्सुमोतोपर्यंत जायचं काय अडलंय?" नुपूर म्हणाली.

मी बॅगेत जाड मोजे भरत होतो. "कुबोतासाननी बोलावलंय."

"'आलात तर बरं होईल' असं म्हणाले ना? जपानी माणूस असं म्हणतो तेव्हा आपण जायचं नसतं. वीस वर्षं राहिलात इथे, एवढं नाही कळलं?"

आमची मुलगी पाच वर्षांची असताना जपानला आली. आता ती योकोहामाला नोकरी करते आणि रविवारी उरायासुला माझ्याकडे येते. फ्रिजमधल्या डब्यांवरच्या तारखा तपासते, चुकीच्या पिशवीत टाकलेला कचरा पुन्हा वेगळा करते. तिची आई, विभा, गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. तेव्हापासून नुपूरच्या आवाजात हा तपासणीचा सूर आला आहे. मला त्याचा राग येत नाही.

"नुपूर, जरा बस," मी म्हटलं. "तो नकाशा चुकला तो आईमुळे नाही. माझ्यामुळे."

ती बसली. मग मी तिला सांगितलं. तीन वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं.

विभा डोंगरांच्या हवामानाचा अंदाज देत असे. मी बँकेच्या बदलीवर मुंबईहून आलो आणि ती माझ्याबरोबर आली. पहिली काही वर्षं घरात बसून तिने भाषा शिकली, मग हवामानाच्या परीक्षेला बसली. पाच वेळा नापास झाली, सहाव्यांदा पास. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. मात्सुमोतोजवळ कुबोतासानचं छोटं ऑफिस आहे. हिवाळ्यात वर जाणाऱ्या वाटाड्यांना आणि डोंगरावरच्या झोपड्यांना ते अंदाज पुरवतात. विभा बहुतेक काम घरूनच करायची.

संगणकाचे नकाशे असतातच. पण कुबोतासान जुने गिर्यारोहक. ज्याने अंदाज द्यायचा त्याने त्या दिवशीचा एक नकाशा हाताने काढायचा, हा त्यांचा नियम. दुपारी चार वाजता रेडिओवर ठिकाणांची यादी वाचतात. वारा, हवा, दाब, तापमान. ठिकाणं पन्नासेक, वेळ वीस मिनिटं. नेमके तेव्हाच वाटाड्यांचे फोन सुरू व्हायचे. म्हणून आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेतून निवृत्त झालो होतो आणि कोणी सांगेल ते झरझर लिहून घ्यायचा माझा हात होता. छापील कागदावर प्रत्येक ठिकाणाचं बारीक वर्तुळ असतं, त्याच्याजवळ मी आकडा लिहायचो. फोन संपले की विभा येऊन समान दाबाच्या रेषा काढायची. त्या रेषांमधलं मला काही कळत नसे. माझं काम फक्त आकड्यांचं.

त्या फेब्रुवारीत मी विरजणासाठी दूध तापत ठेवलं होतं. व्लादिवोस्तोकचा आकडा लिहिला आणि दूध वर आलं. गॅस बंद करून परत येईपर्यंत रेडिओ बुसानवर पोचला होता. मधलं उरुरुन राहिलं. समुद्रातलं छोटं बेट आहे ते. व्लादिवोस्तोक एक हजार आठ, बुसान एक हजार बारा. मी उरुरुनपुढे एक हजार दहा लिहिलं आणि पुढे गेलो.

"अंदाजाने?" नुपूरने विचारलं.

"अंदाजाने."

"मग आईने बघितलं नाही?"

"बघितलं. त्या दिवशी संगणकाची दोन गणितं दोन वेगळी उत्तरं देत होती, म्हणून तिला त्या बेटाचाच आकडा हवा होता. पेन्सिल त्यावर ठेवून तिने मला विचारलं, 'हा नक्की ना रे?' मी म्हटलं, 'हो.'"



खरा आकडा एक हजार चार होता. म्हणजे समुद्रात एक छोटं वादळ तयार होत होतं. असं वादळ पुढे सरकताना डोंगरावर दोन-तीन तास आकाश निळं होतं आणि मग हिमवादळ सुटतं. इथले लोक त्याला खोटी उघडीप म्हणतात. विभाच्या नकाशावर वादळ नव्हतंच. तिने वरच्या झोपडीत थांबलेल्या मियाझावासान या वाटाड्यांना फोनवर सांगितलं की उद्या दुपारपर्यंत उघडीप राहील. ते दोन गिऱ्हाइकांना घेऊन पहाटे निघाले. दहाच्या सुमारास वादळ आलं. दोन रात्री ते बर्फात खड्डा करून राहिले. गिऱ्हाइकं धड परत आली. मियाझावासानच्या उजव्या पायाची पाचही बोटं कापावी लागली. वाटाड्याचं काम संपलं.

"आणि मग आई कुबोतासानच्या सभेत उभी राहिली," नुपूर हळू म्हणाली. "रेषा मी काढली, चूक माझी, असं म्हणाली. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. मला आठवतंय."

"हो."

"तुम्ही तिला जेवायचा आग्रह करत होता. तेही आठवतंय मला."

ती उठली आणि कोट घातला. "हॉस्पिटलमध्ये होती चार महिने. तेव्हासुद्धा नाही?"

"एकदा तोंडापर्यंत आलं होतं. तिने विचारलं, आज बाहेर दाब किती आहे. मी फोनवर बघून सांगितला. खरा सांगितला. पुढे बोलणं झालं नाही."

"जा तुम्ही," नुपूर म्हणाली. "मी येत नाही. मला ऑफिस आहे." दारात बूट घालताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मोसम सुरू होण्याआधी, कुबोतासान चुकांची बैठक घेतात. हान्सेइकाइ म्हणतात तिला. मागच्या चुका काढायच्या, कोणी केल्या ते सांगायचं, नव्या लोकांना दाखवायच्या. विभाचा नकाशा तिथे दर वर्षी निघणार होता. विभा रेगे, रेषा काढण्यातली चूक. मी जिवंत असेपर्यंत आणि नंतरही.

मात्सुमोतोला उतरलो तेव्हा बारीक बर्फ पडत होता. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली, भिंतीला नकाशे. या वर्षी आलेले तिघं नवे, दोन मुली आणि एक तिशीतला गृहस्थ, वह्या उघडून बसले होते. कोपऱ्यात मियाझावासान होते. ते येतील याची मला कल्पना नव्हती. आता ते गावातली शाळेची बस चालवतात.

"रेगेसान, बारीक झालात," ते म्हणाले. "स्वतः स्वयंपाक करता वाटतं?"

"करतो. तुमचा पाय कसा आहे?"

"छान आहे. नखं कापायचा अर्धा वेळ वाचतो."

नव्या मुलींपैकी एक हसली आणि लगेच खाली बघू लागली. मियाझावासान तिला म्हणाले, "हसा, हसा. हा विनोद मी दर वर्षी करतो, कुबोतासान एकदाही हसलेले नाहीत."

"दर वर्षी तोच असतो," कुबोतासान म्हणाले.

मग त्यांनी मी आणलेला नकाशा टेबलावर पसरला. विभाच्या रेषा स्वच्छ होत्या, कुठेही खोडलेलं नव्हतं. कुबोतासाननी पेन्सिलीचं टोक उरुरुनजवळ नेलं. "इथे विभासाननी रेषा सरळ नेली. ती खाली वळायला हवी होती. का वळली नाही, कोण सांगेल?"

मी उभा राहिलो. माझं जपानी बँकेचं आहे, फॉर्म आणि तारखांचं. तेवढ्यातच सांगितलं. रेडिओ, दूध, एक हजार दहा. तिने विचारलं आणि मी हो म्हटलं. तिची रेषा माझ्या आकड्याप्रमाणे बरोबर होती. मग वाकलो. किती वेळ वाकून राहायचं ते मला वीस वर्षांत नीट समजलेलं नाही, म्हणून पाठ दुखेपर्यंत राहिलो.

"बसा, रेगेसान," कुबोतासान म्हणाले.

मी बसलो.

"वर्तुळ कोरं का नाही ठेवलं?"

"बँकेत रकाना कोरा ठेवला की फॉर्म परत येतो. सवय होती. आणि वाटलं, एका बेटाने काय होणार."

तिघा नव्या लोकांनी वहीत काहीतरी लिहिलं. पेनांचा आवाज आला. मियाझावासान किटलीकडे बघत होते.

"त्या सकाळी आकाश इतकं निळं होतं," ते म्हणाले, "की विभासाननी नको म्हटलं असतं तरी मी गेलो असतो." मग किटली उचलत म्हणाले, "नाही. ते खरं नाही. त्या नको म्हणाल्या की मी थांबायचो. कायम थांबलो होतो."

त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला, त्यात चहा ओतला आणि परत ठेवला.

कुबोतासान कपाटातून जाड वही घेऊन आले. त्या फेब्रुवारीचं पान काढलं. विभाच्या हाताने एक ओळ लिहिलेली होती आणि तिच्यापुढे शिक्का होता.

"ही ओळ खोडून टाका," मी म्हटलं. "त्यासाठीच आलोय."

"खोडता येणार नाही. खरा आकडा संगणकाच्या पडद्यावरही होता. त्यांनी स्वतः तपासायला हवा होता. नकाशावर सही करणाऱ्याची जबाबदारी असते, हे त्यांनाही माहीत होतं."

"तिने मला विचारलं होतं."

"हो. तुमच्यावर विश्वास ठेवला. अंदाज देणाऱ्याची तीही चूकच." त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. "खाली जागा आहे. तुमची ओळ तुम्ही लिहा."

मी लिहिली. आकडा न ऐकता लिहिला. विचारल्यावर खरं सांगितलं नाही. माझी अक्षरं मोठी आणि वाकडी आली, तिची लहान होती.

"शिक्का आणलाय?"

आणला होता. इथे सहीऐवजी शिक्काच चालतो, कुठेही गेलं तरी लागतो, म्हणून तो पाकिटातच असतो. आमच्या घरात शिक्का एकच, आडनावाचा. इथे आलो त्या वर्षी बँकेच्या खात्यासाठी करून घेतला होता, मग दोघंही तोच वापरत होतो. मी तो लाल शाईवर टेकवला आणि ओळीपुढे दाबला.

नव्यांपैकी ती हसलेली मुलगी पुढे वाकून बघत होती. "दोन्ही सारखेच आहेत," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

वरचा सुकून विटकरी झाला होता. खालचा अजून ओला होता, वही मिटली असती तर समोरच्या पानावर उमटला असता. कुबोतासाननी वही उघडीच ठेवली. कोणी पुढचा नकाशा काढला नाही. आम्ही सहा जण स्टोव्हभोवती बसून तो वाळायची वाट बघत राहिलो.