सातव्या विषयाचं पत्र

नगर कार्यालयाच्या दप्तरखान्याकडे सहसा कोणी फिरकत नसे. म्हणून त्या दिवशी खिडकीच्या चौकटीवर आधी दोन हात, मग दोन वेण्या आणि शेवटी एक चष्मा वर आला, तेव्हा दप्तरीकाकांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पुढे वाकून पाहिलं.

"सभांच्या वह्या इथंच असतात का?" वेण्यांनी विचारलं.

"असतात. तुला कशाला हव्यात?" काका बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "नको, सांगू नकोस. माहिती मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही, असा कायदा आहे."

"पण मला सांगायचंय."

मग तिने सगळं सांगितलं. वाचनालयातली मुलांची खोली सहाऐवजी चारलाच बंद होऊ लागली होती. तिची आई कामावरून सहाला सुटे. आधी शाळा सुटली की ती खोलीत जाऊन वाचत बसे, आता बसथांब्याच्या बाकावर बसून बसचे नंबर पाठ करत होती. ग्रंथपालबाईंनी पत्र दाखवलं होतं, त्यात 'सभेच्या निर्णयानुसार' असं लिहिलं होतं. तेव्हा अकरा मुलांनी मिळून अर्ज केला होता: हा निर्णय कोणत्या सभेत झाला, ते आम्हाला वाचायचं आहे.

शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावकवाल्या बाईंनी मान वर केली. "अहो, लहान मुलांचा अर्ज चालतो का?"

काकांनी नियमांचं पुस्तक काढून कलमावर बोट ठेवलं. "'कोणतीही व्यक्ती' असं आहे. उंची लिहिलेली नाही."

काका मनातून हरखले होते. बावीस वर्षं त्यांनी या वह्या वाळवीपासून आणि ओलीपासून जपल्या होत्या, पण त्या वाचायला म्हणून कोणी आलं नव्हतं. त्यांनी टेबल पुसलं, खुर्चीवर दोन जाड फायली ठेवून मुलीला बसवलं आणि समजावून सांगू लागले.

"ही विषयपत्रिका. सभेत काय बोलायचं, ते हिच्यात आधी लिहितात. आणि हे इतिवृत्त. सभेत खरंच काय झालं, ते यात नंतर लिहितात. या दोन्हींतला फरक कळला की अर्धं कार्यालय कळलं म्हणून समज."

मुलगी ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "विषय सात. मुलांच्या खोलीची वेळ सहाऐवजी चारपर्यंत करणे. वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा."

पुढच्या सभेचं पान काढलं. त्यात तो विषयच नव्हता. सगळे विसरले होते.

"काका, म्हणजे हे ठरलंच नाही. मग पत्र कोणी पाठवलं?"

काकांचे कान तापले. पत्र कोणी पाठवलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. सभेत बहुतेक सगळं मंजूरच होत असे, म्हणून ते विषयपत्रिका पाहून निर्णयाची पत्रं आदल्या दिवशीच तयार करून ठेवत. सभा संपली की गठ्ठा बाहेर. त्या दिवशी दहा विषयांची दहा पत्रं होती आणि दहाही गेली.

आवक-जावकवाल्या बाई जवळ येऊन पुटपुटल्या, "शोध चालू आहे म्हणून लिहा. तीस दिवसांची मुदत आहे. तोवर गुपचूप दुसरं पत्र पाठवता येईल."

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती आपल्या वहीत इतिवृत्तातली ओळ जशीच्या तशी उतरवून घेत होती. एवढं मन लावून वाचणाऱ्या पहिल्याच माणसाला थाप मारायची?

"मी पाठवलं," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तसं लेखी देतो, शिक्क्यासकट. पण वेळ किती हवी, ते सभेनेच ठरवायचं. पुढच्या सभेला या. ती सगळ्यांसाठी खुली असते."

खुली असली, तरी श्रोत्यांच्या खुर्च्यांवर जुने नकाशे रचलेले होते. काकांनी ते स्वतः उचलले. सभेच्या दिवशी अकरा मुलं ओळीने येऊन बसली. एका सदस्यानं हळूच शर्टाचं बटण लावलं, दुसऱ्यानं जांभई गिळली.

विषय निघाला. बटणवाले सदस्य म्हणाले, "चारनंतर तिथे येतं कोण?"

वेण्यांचा हात वर गेला. अध्यक्षबाईंनी परवानगी दिली.

"वाचनालयाची हजेरीवही पण सगळ्यांना बघता येते," मुलगी म्हणाली. "आम्ही बघितली. चारनंतर रोज वीसजण तरी यायचे. तुमचा नातू पण यायचा. तो फक्त चित्रं बघायचा, पण यायचा."

सगळी सभा हसली, बटणवालेसुद्धा. वेळ सहापर्यंतच ठेवायची, असं एकमताने ठरलं.

"मधे ते पत्र कसं गेलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काका उभे राहिले. "बाई, मी सभेआधीच निर्णय लिहून ठेवला होता."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यापुढे आम्हाला ठरवू देत जा. आणि हेही इतिवृत्तात लिहा."

आठवड्याने ती पुन्हा खिडकीशी हजर. इतिवृत्ताचा मसुदा तिने अथपासून इतिपर्यंत वाचला. काकांची चूक दोन ओळींत स्पष्ट लिहिलेली होती. तरी तिने भुवई उंचावली.

"काका, इथं लिहिलंय, 'मुले शांत बसली होती'. आम्ही तर केवढे हसलो."

काकांनी पेन उचललं, ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: 'सभागृहात हशा.'

"आता बरोबर," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहून पळत सुटली. साडेचार वाजले होते, आणि खोली सहापर्यंत उघडी होती.