जरा घाईनं बसणं

बाबा न्हाणीघरात पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. पण दवाखान्यात पोचेपर्यंत असं काही घडलंच नव्हतं.

"पडलो नाही," प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं. "जमिनीवर जरा घाईनं बसलो."

बाबांची सारी हयात कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देण्यात गेलेली. चुकीचा शब्द त्यांना हाडापेक्षा जास्त दुखायचा. शेजारच्या स्टुलावर मुलगा बसला होता, बसचालकाच्या खाकी शर्टातच.

"चष्म्याचा नंबर बदललाय?" डॉक्टरीणबाईंनी बाबांना विचारलं.

"नाही."

"चपला सैल आहेत?"

"जावयानं दिल्यात. सैल नाहीत, पण मनापासूनही दिलेल्या नाहीत."

"झोपेची गोळी वगैरे?"

"छे."

मुलानं स्टूल उगाच मागेपुढे सरकवलं. महिनाभर तो रोज बाबांच्या दुधात एक गोळी विरघळवत होता. त्यांना झोप नसायची. रात्रभर घरात येरझारा चालायच्या, आणि भिंतीपलीकडे हाही टक्क जागा. पहाटेची पहिली बस मात्र ह्यालाच काढायची असे.

"कारणाशिवाय माणूस पडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोक्याचा स्कॅन काढून बघू."

"डोक्याचं म्हणाल तर फार उशीर केलात."

मुलगा स्टुलावरून उठला.

"गोळी मी देतो," तो म्हणाला. "दुधातून. त्यांना माहीत नाही."

बाबा पंख्याकडे बघतच म्हणाले,

"माहीत कसं नाही? दूध कडू व्हायचं म्हणून तू साखर वाढवत गेलास. शेवटी शेवटी तर पेल्यात चमचा उभा राहायला लागला."

"मग प्यायलात कशाला?"

"गाडीवर तुझा डोळा लागला असता तर बसभर माणसं पडली असती. इथं मी एकटाच पड—" ते थांबले. "बसलो."

मुलाला शर्टाचं बटण सापडेना, आणि ते लावलेलंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी आजपासून बंद केली. मग केसपेपरवर 'कारण' लिहायला पेन टेकवलं. बाबांनी धडधाकट हात वर केला.

"थांबा बाई, मी सांगतो तसं लिहा. सदर इसम स्वखुशीने दूध प्याला. सबब, कारणांतून मुलास वगळण्यात यावे, आणि मुलानेही स्वतःस तशी समज द्यावी, ही नम्र विनंती."