एकट्याची शर्यत

साडूने नवी गाडी घेतली, तेव्हा चष्मेवाल्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन जेवायला नको म्हणाले. पोट बिघडलंय, असं त्यांनी कारण सांगितलं. पोट बिघडलेलं नाही, दुखतंय, हे बायकोने ओळखलं.

तसा माणूस वाईट नव्हता. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, नाहीतर सामानासकट स्टेशनवर सोडायचं असो, त्यांची जुनी गाडी सगळ्यांच्या हक्काची होती. पण सासूबाईंचं घर होतं टेकडीवर आणि दर रविवारी दोन्ही जावई तिथे जेवायला जमत. चढावर यांची गाडी धापा टाकायची. साडूची गाडी वारं प्यायलेल्या वासरासारखी बाजूने निघून जायची. वर साडूचा हात खिडकीतून हलायचा. तो हात चष्मेवाल्यांना आठवडाभर दिसायचा.

एका रविवारी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुमची गाडी पोहोचेपर्यंत वाढलेलं ताट निवतं हो."

सगळे हसले. बायकोही हसली, आणि ते हसू त्यांच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवसापासून ते मोबाइलवर व्हिडिओ बघू लागले. घरच्या घरी, स्वस्तात गाडीचा जोर कसा वाढवावा, हे सांगणारे उस्ताद तिथे पैशाला पासरी होते. सुरुवात चांगली झाली. त्यांनी प्लग बदलले, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर नवा घातला, टायरमध्ये नीट हवा भरली. गाडी खरोखर हलकी पळायला लागली. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मत्सराला कुठे थांबायचं ते कळत नाही. पुढच्या रविवारी साडू तरीही पुढे गेला.

मग चष्मेवाल्यांनी फिल्टर काढूनच टाकला, इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून. सायलेन्सर कापून तिथे सरळ नळी बसवली. वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी काढली, जॅक काढला आणि शेवटी मागची सीटही उचकटून माळ्यावर टाकली. सकाळी गाडी सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद होत. लोकांना कौतुक नाही, एवढंच त्यांना त्यात दिसलं.

"आणि पोरीने कुठे बसायचं? डिकीत?" बायकोने विचारलं.

"एका रविवारचा तर प्रश्न आहे."

बायकोने बहिणीला फोन केला. रविवारी मायलेकी साडूच्या गाडीतून निघाल्या आणि चष्मेवाले एकटेच मागून आले. चढ लागला. त्यांनी दात-ओठ खाऊन गाडी दामटली, वळणाआधी साडूला गाठलं आणि कानठळ्या बसवत गाडी पुढे काढली. जिंकले! पुढे जाताना त्यांनी मान वळवून पाहिलं. काचेमागे त्यांचीच मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून, भेदरून त्यांच्याकडे बघत होती.

वर पोहोचल्यावर साडू धावतच आला. "दादा, सगळं ठीक आहे ना? एवढ्या घाईत बघितलं आणि काळजात धस्स झालं. आईंचं काही झालं की काय, असं वाटलं. म्हणून लगेच बाजू दिली तुम्हाला."

चष्मेवाले त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी तळमजल्यावरच्या बाई जिन्यात पाय घसरून पडल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. चष्मेवाले तेव्हा घरीच होते, तरी त्यांना संध्याकाळी कळलं. ते तडक खाली गेले. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

"बाई, मला हाक का नाही मारली? गाडी दारात उभी होती."

"शेजारी म्हणाले, त्या गाडीत मागे बसायला जागा नाही. टॅक्सी यायला वेळ लागला खरा." बाईंच्या आवाजात राग नव्हता. "बसा. ही गाडी एवढी कुणासाठी पळवताय?"

चष्मेवाल्यांनी आधी इंजिनाचं सांगितलं, मग चढाचं, आणि शेवटी साडूचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या साडूंना ठाऊक आहे का, तुमची शर्यत लागलीय ते?"

चष्मेवाल्यांनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तुम्ही एकटेच धावताय. गाडी नीट राखणं वेगळं, ते चांगलंच. पण दुसऱ्याच्या पुढे जायचं म्हणून तुम्ही काय काय काढून टाकलंत, बघा. पोरीची बसायची जागा काढलीत. गल्लीची झोप काढलीत. आणि अडीनडीला तुमच्याकडे यायची आमची सवय होती, तीही गेली. एवढं करून साडू जिथे होते तिथेच आहेत. त्यांचं काय कमी झालं?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.  घरी येऊन त्यांनी साडूला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. रविवारचा हलणारा हातसुद्धा सांगितला.

साडू म्हणाला, "दादा, मी हात दाखवायचो ते पोरीला. ती मागच्या खिडकीतून मला वेडावून दाखवायची."

चष्मेवाल्यांना हसू आलं, आणि लाजही वाटली. "सीट बसवायला दोन माणसं लागतात. येतोस का?"

तो आला. दोघांनी मिळून सीट बसवली. नवा सायलेन्सर आणायला दोघे गॅरेजमध्ये गेले ते साडूच्या गाडीतून. शेजारी बसल्यावर पोटात बारीकसं दुखलंच, नाही असं नाही. पण या वेळी चष्मेवाल्यांनी ते दुखणं ओळखलं आणि मोकळेपणाने म्हणाले, "गाडी छान आहे रे तुझी."

वाचकहो, असूया कुणाला चुकलेली नाही. ती मनात येणारच. पण तिच्या हाती स्टिअरिंग देऊ नये. ज्याच्याशी आपण चढाओढ करतो, त्याला बहुधा तिचा पत्ताही नसतो. धूर आणि धक्के सोसावे लागतात ते आपल्याच माणसांना आणि शेजाऱ्यांना. आपल्या गाडीत किती जोर आहे, यापेक्षा तिच्यात दुसऱ्याला बसायला जागा आहे का, हे आधी पाहावं.