दोन धारांचा कॅमेरा

आमच्या बिजलीचं पाय पळताना जमिनीला टेकत न्हाईत, हे मी अख्ख्या कसबा बावड्यात इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते माझ्याच अंगावर आलं.

बिजली म्हंजे आमची म्हैस. तिची आई एवढी काळी हुती की पुनवेला अंगणात बांधली तर शेजारची दिवा लावून जेवायची. ते असू दे.

रोज सांजच्याला आमच्या गोठ्याम्होरं धारंचं दूध न्यायला माणसं येत्यात. किटली घेत्यात आणि कट्ट्यावर बसत्यात. माझा पोरगा जोतीराम शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत हाय. तो पाळी संपवून येणार, हातपाय धुणार, मग धारंला बसणार. तवर माणसांनी करायचं काय? म्हणून मी म्हातारी खुर्ची टाकतो (आमच्याकडं बायका पण 'टाकतो'च म्हणत्यात) आणि काय काय सांगतो. दूध काय कुठं पण मिळतंय. माणसं येत्यात ती ऐकायला.

त्यात एक उदयनाना. तलाठी म्हणून रिटायर झालंय. उतारा बघितल्याबिगर बायकोला पण ओळखत न्हाईत. दसरा झाल्यावर एक दिवस त्यांनी सगळ्यांम्होरं मला धरलं.

"विठाक्का, पाय टेकत न्हाईत म्हणताय, फोटो हाय का?"

"फोटो कशाला? डोळं न्हाईत व्हय तुम्हाला?"

"डोळ्याला काय, म्हैस पळाली की धुरळाच दिसतोय. फोटो पाहिजे."

माझी नात अनुजा शेणाची पाटी घिऊन चाललीती. तिथंच थांबली. "कॅमेरा असता तर मी काढला असता नाना," म्हणाली.

पोरीला फोटोचा लई नाद. बाप कामावरनं आला की त्याचा फोन घ्यायची आणि म्हशीच्या पापण्यांचं, किटलीतल्या फेसाचं फोटो काढायची. बापाचा फोन वाजला की नाद संपला. तर माझ्या तोंडातनं निघून गेलं, "घिऊन देतो की तुला कॅमेरा! पाडव्याला काढ फोटो."

नाना लगेच सरसावलं. "ठरलं. पाडव्याच्या फोटोत बिजलीचा एक जरी पाय टेकलेला दिसला, तर दुसऱ्या दिवसापासनं विठाक्कांनी कट्ट्यावर गप्प बसायचं. दूध मापायचं. बोलायचं न्हाई."

सगळी हसली. मी पण हसलो. घरात जाऊन बसल्यावर हसू आलं न्हाई. मला साखर सोड म्हणा, सोडतो. चहा सोड म्हणा, इचार करतो. पण गप्प बसायचं म्हंजे काय करायचं माणसानं?

बाहेरगावच्या माणसाला पाडवा सांगाय पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्याची माळ घालायची. मग मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढतोय, फटफट करत म्होरं जातोय, आणि म्हैस त्या आवाजामागं पळत सुटती. दावं न्हाई, कासरा न्हाई. आवाज ओळखून येती. बिजली जोतीरामच्या गाडीमागं अशीच पळती. आता पाय टेकतात का न्हाई, हे मी काय वाकून बघितलंय व्हय?

म्हणून मी ठरवलं, कॅमेरा घ्यायचा, पण बेतानं निवडायचा.

डेअरीच्या बिलातलं जरा बाजूला ठेवलेलं हुतं. ते पदराला बांधलं आणि एकटीच राजारामपुरीत गेलतो. दुकान वृषभ नावाच्या पोराचं. दिसायला पोरगंच, पण मालक तोच.

"पावणं, कॅमेरा दावा. नव्यानं शिकणाऱ्या पोरीला द्यायचाय. लई महागाचा नको."

"आज्जी, मग चांगला फोनच घ्या की. आता सगळी फोनवरच काढत्यात."

"फोन दिला की पोरगी फोनात जाती. मला ती बाहेर पाहिजे."

तो हसला आणि दोन कॅमेरे काढून ठेवले. एक गुलाबी, तंबाखूच्या डबीएवढा, नवाकोरा. दुसरा काळा, जाड, म्होरं नळी, कुणीतरी वापरून विकलेला. गुलाबीपेक्षा थोडा महाग.

"मेगापिक्सेल किती ते बघू नका आज्जी, ते डब्यावर छापायला असतंय. शिकणाऱ्याच्या मुठीत बसला पाहिजे. डोळा लावून बघता आलं पाहिजे. आणि पळतं घावलं पाहिजे."

माझं कान उभं राहिलं. "पळतं म्हंजे?"

"पोरं, पाखरं, गाड्या."

"म्हैस?"

"म्हैस पण. काळ्यात घावंल. गुलाबीत न्हाई. बटण दाबलं की हा इचार करत बसतोय, तवर म्हैस गेली फुडं. आलीच तर पुसट."

"मग गुलाबी द्या."

वृषभनं माझ्या कानाकडं बघितलं आणि मोठ्यानं वरडला, "आज्जी, पुसट येतंय म्हटलं!"

"ऐकू आलं की. वरडतोस कशाला? पुसटच पाहिजे."

त्यानं गुलाबी डब्यात भरायला घेतला. गिऱ्हाईक परमेश्वर असतंय, पण असला परमेश्वर त्यानं बघितला नसंल. मी पैसं काढता काढता थांबलो. सवय वाईट. आमच्यात कुठली पण म्हैस घेताना सांजची आणि सकाळची, दोन्ही धारा बघितल्याबिगर इसार देत न्हाईत. वडगावच्या बाजारात दलाल एक धार चुकवून, तुंबलेलं दूध दावून बादली भरत्यात. दुसऱ्या धारंला खरी म्हैस कळती.

"पावणं, दोन धारा बघून व्यवहार करतो. आज न्हेतो, उद्या सांगतो."

दुसरा कोण असता तर हाकललं असतं. पण वृषभचा आजा रुकडीत म्हशी पाळायचा. त्यानं डोकं खाजवलं. "पैसं ठेवून जावा. ओरखडा नको उठायला. उद्या दुपारपर्यंत बघा, न्हाय पटलं तर बदला."

सांजच्याला अनुजानं डबा उघडला आणि गोठ्यात नाचली. रेडकू उड्या मारत हुतं, त्याच्या मागं लागली. फोटो काढला, बघितला. रेडकाच्या जागी धूर. परत काढला. परत धूर. बापाचा फोटो काढला तर बापाला तीन हात. जोतीराम म्हणाला, "बरं हाय की, तीन हातानं धार लवकर हुईल."

पोरगी हसली न्हाई. "माझा हात हलतोय," म्हणाली.

सकाळच्या धारंला ती माझ्या आधी गोठ्यात हुती. खांबाला टेकून, श्वास धरून काढत हुती. मी आंबोण कालवत बघत हुतो. मनात म्हटलं, झ्याक. पाडव्याला असाच धूर येतोय, नाना चष्मा पुसत बसत्यात, आणि माझी खुर्ची जागच्या जागी.

मग तिनं कॅमेरा डब्यात घातला. वरची रिबीन पण होती तशी बांधली.

"आज्जी, परत दे हे. मला न्हाई येत. उगं पैसं घालवलंस."

"कॅमेऱ्यात खोट असंल की."

"नवा हाय आज्जी. त्याच्यात कसली खोट? मलाच जमत न्हाई."

आणि पाटी घिऊन शेण भरायला गेली. रेडकाला पहिल्या घासालाच पेंड कडू लागली तर ते पुन्हा घमेल्याला तोंड लावत न्हाई. कितीबी गूळ घाला, लांबूनच वास घेतंय. मी असली रेडकं बघितल्यात.

मी जरा वेळ कट्ट्यावरच्या माझ्या खुर्चीकडं बघितलं. प्लास्टिकची खुर्ची, एक पाय जरा वाकडा. मग लुगडं बदललं.

वृषभनं मला दारात बघितलं आणि काही न इचारता काळा कॅमेरा काढला. "दुसरी धार न्हाई पटली व्हय?"

"लई शहाणा हाईस. दे इकडं. आणि पळतं कसं धरायचं ते एका कागदावर लिव, पोरीला वाचता येतंय."

वरच्या पैशाची गोष्ट येगळी हाय. ती सांगायला बसलो तर म्हैस इथंच उभी राहील.

काळा कॅमेरा अनुजाच्या मुठीत बसला. पहिल्याच सांजंला रेडकाचा कान हवेत घावला, केसासकट. पोरगी त्या फोटोकडं बघत जेवायची राहिली. मग कोंबड्या, पाखरं, बापाची गाडी, जे हलंल ते तिनं धरलं. मी जोतिबाला हात जोडून सांगितलं, पाडव्याला तेवढं ढग आण बाबा. आणि पाडव्याच्या सकाळी बिजलीला पेंड जरा जास्तच घातली. पोट जड झालं तर म्हैस चालती, पळत न्हाई. चालत्या म्हशीवर कोण निकाल देणार?

ढग आलं न्हाईत. ऊन असं पडलं की कवड्या चमकायला लागल्या. जोतीरामनं गाडीला किक मारली, सायलेन्सर नसलेली फटफट सुटली, आणि बिजलीनं पोट-बिट काय बघितलं न्हाई. शेपूट वर करून सुटली. अनुजा रस्त्याकडंला गुडघ्यावर बसलीती. म्हैस तिच्याम्होरनं गेली, कॅमेरा खटखट वाजला, धुरळा उडाला, संपलं.

पोरगी कॅमेऱ्यात बघत उभी.

"दिसला व्हय पाय टेकलेला?" मी इचारलं.

तिनं कॅमेरा माझ्या डोळ्याम्होरं धरला. बिजली हवेत. चारी पाय पोटाखाली गोळा केलेलं. खाली डांबर, डांबरावर तिची सावली, आणि म्हैस आणि सावलीच्या मधी मोकळी जागा. टोपलं सरकवावं एवढी.

मीच चाट. इतकी वर्सं मी हे उगंच सांगत आलतो, आणि म्हैस खरोखर तसंच करत आलती. मला आधी काय सांगितलं पण न्हाई तिनं.

सांजच्याला कट्टा भरला. अनुजानं कॅमेरा नानांच्या हातात दिला. नानांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. कॅमेरा तिरका करून बघितला.

"झ्याक केलंय," म्हणालं. "एआयनं केलंय."

"काय?" अनुजा.

"अगं, आता काय पण करता येतंय. परवा माझ्या फोनवर हत्ती पंचगंगेत कपडं धुताना आलता. धूत पण चांगलं हुता."

"नाना, मी तिथंच हुतो! माझ्यावर धुरळा उडालाय, हे बघा केसात!"

"केसात धुरळा असंल. पण म्हैस हवेत? एवढी पेंड खाऊन?" नानांनी कॅमेरा परत दिला. "आज्जीवर गेलीस बघ. हा फोटो धरायचा न्हाई. ना इकडं, ना तिकडं."

बाकीची पण माना हलवायला लागली. कोण म्हणालं सावलीच चुकलीय, कोण म्हणालं शिंगाचा रंग येगळा दिसतोय. शिंगं मी सोत्ता रंगवलेली. मी काय बोललो न्हाई. माझी खुर्ची वाचलीती.

अनुजा माझ्या शेजारी पायरीवर बसली. लाललाल झालती. आता रडती का किटली फेकती, मी बघत हुतो. तिनं कॅमेऱ्याची नळी पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली. मग सावकाश मान वर केली.

"नाना, हा फोटो जाऊ दे. ह्याच्या नंतरचा तुम्हाला दावलाच न्हाई."

"कसला?"

"बिजली पप्पांच्या गाडीवरनं पलीकडं गेली त्यो. पप्पांची टोपी तिच्या शिंगात अडकली. टोपी अजून मिळंना."

धारंवर बसलेल्या जोतीरामनं उगंच डोक्यावरनं हात फिरवला. टोपी तो जन्मात घालत न्हाई.

नानांनी किटली खाली ठेवली. "मग?" म्हणालं.

मी माझी खुर्ची जरा मागं सरकवली, म्हंजे पोरीला नीट बसता येईल.