दावणीवरचा दिवस

मी एक जुना पटाचा बैल आहे. ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या काठी, इसरूभाऊंच्या गोठ्यात राहतो. मित्रांनो, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे धानाची मळणी आटोपली की गावोगावी पट भरतात. तरुणपणी मी असा पळायचो की माझ्या पाठीवर गुलालाचा थर बसायचा. आता दात झिजले, खांदा थकला. पण बढाई मारायची हौस काही गेली नाही.

मला घडवले ते इसरूभाऊंच्या मुलीने, दीपिकाने. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती. मी कोवळा गोऱ्हा होतो तेव्हापासून ती मला हाताने सरकीची ढेप चारायची, नदीवर नेऊन घासायची. पटाच्या आदल्या दिवशी मला दावणीवरून कुणी सोडायचे नाही, हा तिचा कायदाच होता. एकदा इसरूभाऊ मला धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, गाडीला जुंपायला निघाले, तर तिने मला परत आणून बांधले. म्हातारा दिवसभर फुगून बसला आणि मी मजेत रवंथ करत राहिलो.

तिला स्वतःलाही एक शर्यत पुरी करायची होती. नागपूरला ट्रायथलॉन व्हायची. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे, आणि मध्ये थांबायचे नाही. आदल्या वर्षी धावताना तिचे पाय आखडले आणि ती रस्त्यातच बसली. ते तिच्या मनाला फार लागले. आपला सराव कमी पडला, असे तिने धरून ठेवले. मग काय विचारता! पहाटे नदीत पोहणे, शाळेच्या आधी सायकल, संध्याकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने धावणे. खाडा म्हणून नाही. नडगी दुखू लागली तर तिने वरून फडके आवळले. चेहरा ओढल्यासारखा झाला, शाळेतल्या पोरांवर ती उगाच खेकसू लागली. मला तिची काळजी वाटायची, पण बैलाचे ऐकतो कोण?

गावच्या पटाच्या आदल्या सकाळी ती लंगडतच गोठ्यात आली. मला ढेप दिली, बुटाची नाडी बांधायला माझ्या पोटाला टेकून बसली, आणि तशीच झोपली. मी अंग हलवले नाही. माश्या बसल्या तरी शेपटी मारली नाही. इसरूभाऊ आले, त्यांनी पाहिले, आणि तिची सायकल हळूच शेजारच्या नीलाबाईंकडे नेऊन ठेवली.

ऊन डोक्यावर आले तेव्हा ती दचकून उठली. सराव बुडाला म्हणून तिचे डोळे भरून आले.

“बा, मले उठवलं काऊन नाई?”

“पटाच्या आदल्या दिवशी तू मले बैल जुपू देत नाई. मंग तुले कसा उठवू, बाई?”

तिने डोळे पुसले. मग माझ्या गळ्यात हात टाकून हसू लागली.

त्या आठवड्यापासून तिने आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवला. पहिल्या वेळी ती अंगणात नुसत्या येरझारा घालत होती. पुढे सवय झाली, नडगीची सूज उतरली, पोरांशी बोलणेही गोड झाले.

नागपुरात तिचा नंबर आला नाही. पुष्कळ जण तिच्या पुढे होते. पण शर्यत तिने पुरी केली, तीही शेवटपर्यंत धावत. घरी आल्यावर इसरूभाऊंनी गरम पाण्याने तिचे पाय शेकले, पटाहून आल्यावर माझे शेकायचे तसेच. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, दावणीवर बसलेला बैल रिकामा दिसतो, पण तेव्हाच त्याच्या पायांत उद्याचे बळ भरत असते. तुमच्या घरी कुणी अखंड राबत असेल, तर त्याला एक दिवस बसू द्या. आणि ते राबणारे तुम्हीच असाल, तर बैलावर करता तेवढी माया स्वतःवरही करा.