उशाशी व्याही

डॉक्टरांनी नळी लावून यमनाप्पाच्या पोटातले आवाज ऐकले आणि कपाळाला आठी घातली. अंतर्गळात अडकलेलं आतडं सोडवून त्यांनी परवाच पोट शिवलं होतं. आता ते ढोलासारखं फुगलं होतं.

"वारा सरला का?"

"न्हाय," यमनाप्पा भिंतीकडं बघत म्हणाला.

त्याचा धाकटा भाऊ सुबराव डॉक्टरांच्या मागोमाग व्हरांड्यात आला. शहापूरच्या विणकर गल्लीतला तो पहिला बी.एस्सी.; भीती वाटली की प्रश्न विचारायचा.

"काल तुम्ही इलिअस म्हणालात. म्हणजे नेमकं काय?"

"आतड्याची चाल थांबणं. शस्त्रक्रियेनंतर कधी आतडं लुळं पडतं, मग पोटात आवाजच नसतो. वाट अडली तरी पुष्कळजण हाच शब्द वापरतात. पण तेव्हा आवाज येतो आणि वारा सरत नाही. तुमच्या भावाच्या पोटात आवाज आहे. संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर पुन्हा पोट उघडावं लागेल."

दुसऱ्यांदा उघडल्यावर अण्णा वाचेल का, हे मात्र सुबरावला विचारवेना.

तो परतला. उशाशी वडगावचे मारुतीराव बसले होते. त्यांच्या मुलाशी यमनाप्पाच्या लेकीची नुकतीच सुपारी फुटलेली. व्याही आजारी, तर जवळ बसायला नको? कालपासून ते जागचे हलले नव्हते. आणि अण्णा असा, की मुलाकडच्यांसमोर जांभईसुद्धा उपरण्याआड द्यायचा.

सुबराव थबकला. आवाज आहे, वारा नाही. वाट अडवणारं आतड्याच्या बाहेरही असू शकतं की!

"मारुतीराव, जरा बाहेर बसता? डॉक्टर म्हणतात, हवा खेळती पायजे."

ते गेल्यावर तो वाकला. "अण्णा, खरं सांग. धरून ठेवलायस?"

यमनाप्पाचे डोळे भरले. "पोरीचं लगीन हाय रं. त्यांच्या म्होरं कसं..."

"गेले ते. सोड आता."

"लांब गेलं न्हवं?"

"लई लांब."

आधी मांजरपाट फाडल्यासारखा आवाज झाला. मग तो थांबेचना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सुबरावच्या तळव्याखाली पोट हळूहळू सैल पडत गेलं, आणि हसू की रडू ते त्याला कळेना.

खिडकीबाहेरून मारुतीरावांची आरोळी आली, "डॉक्टर, पळत या! सरला, आमच्या व्याह्यांचा वारा सरला!"

यमनाप्पानं चादर डोक्यावरून ओढली. पण चादर गदगदा हलत होती.

"टाके संभाळ, अण्णा," सुबराव म्हणाला, "हसू नको."